दोन पाकिटांत महिना

बेबी,

तुझ्या तेरवीला आलेल्या बायकांपैकी सात जणींनी मला सांगितलं, की तू शेवटपर्यंत किती देखणी होतीस. मी मोजत होते. सातवी तुमच्या गल्लीतल्या कोपऱ्यावरच्या घरची. तिनं आधी तुझ्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "रडून रडून तोंड सुजलं वो मोठ्या बाईचं." हे तोंड रडून सुजलेलं नाही, सात वर्षांपासून असंच आहे, आणि फोटोतली ती बारीक हनुवटीची बाई माझीच गोळी खात होती, हे तिला कुठे सांगत बसू?

हे सगळं तुलाच लिहिते आहे. दुसऱ्या कोणाला लिहिलं तर त्यात मला जरा बरं दिसावंसं वाटेल. तुझ्यासमोर ते कधी जमलं नाही, आता जमवायचं कारण नाही. मी तुझा हेवा करत होते. लहानपणापासून, आणि गेली पाच वर्षं तर रोज. तू गेलीस तरी तो थांबलेला नाही, हेही लिहून टाकते.

पातूरच्या मळ्यात आपण दोघी झेंडू तोडायला जायचो आणि दोघीही खोकत परत यायचो. दमा दोघींना होता. पण आईची मांडी एकच होती. तुझा दम माझ्यापेक्षा जोरात लागायचा, ओठ निळे पडायचे, म्हणून मांडी तुला आणि मला उशी. मी चार वर्षांनी मोठी. उशीला टेकून मी तुझे श्वास मोजायचे. आई म्हणायची, "शालू शहाणी हाय, तिले काही लागत नाई." शहाणं असण्याचा मला तेव्हापासूनच राग आहे.

गोळी मला आधी लागली. पंप पुरेना, तेव्हा अमरावतीच्या डॉक्टरांनी ती पांढरी, शेंगदाण्याच्या पाकळीहून लहान गोळी सुरू केली. स्टेरॉइड. दिवसाला चार, मग तीन, मग दोन, मग दीड. दीडवर माझी गाडी अडली ती अडलीच. एकवर आणलं की आठ दिवसांत छातीत शिट्ट्या. दोनदा प्रयत्न केला, दोनदा परत दीडवर आले. चेहरा गोल झाला, मानेमागे गोळा आला, पोट सुटलं, साखर वाढली. दंडाला नुसता दाराचा कोपरा लागला तरी रुपयाएवढा निळा डाग. आणि भूक. ती भूक कोणाला सांगून कळत नाही. जेवून हात धुतला की पोळीचा डबा दिसायला लागतो.

दोन वर्षांनी तुझीही गोळी सुरू झाली. अकोल्याच्या डॉक्टरांनी तुला रोज एक लिहून दिली. पहिली गोळी घेण्याआधी तू बसनं अमरावतीला आलीस, कागद माझ्या पुढ्यात टाकलास आणि म्हणालीस, "ताई, डॉक्टरनं लय काही सांगितलं, माह्या डोक्यात नाई राहिलं. तू लिहून दे. तू सांगशीन तसं घेतो."

मी लाल पेननं तीन ओळी लिहून दिल्या. एक, सकाळी पोटभर खाल्ल्यावरच घ्यायची, रिकाम्या पोटी कधीच नाही. दोन, सकाळची सकाळीच, दुपारनंतर घ्यायची नाही, झोप उडते. तीन, कॅल्शियमची वेगळी, दुपारी. 'कधीच नाही'खाली मी दोन रेघा ओढल्या होत्या. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी बरं वाटत होतं. माझ्या घरात कोणाला तरी माझ्याच आजाराची गोळी सुरू झाली होती. आता आपण दोघी सारख्याच गोल होऊ, असं मनात आलं. आलं होतं, बेबी. खोडत नाही.

तू झाली नाहीस.

वर्ष झालं, दोन झाली, तुझी हनुवटी जागेवर. महालक्ष्म्यांना मी अकोल्याला आले, तू मुखवट्यांखालच्या धडांना, कोठ्यांना, साडी नेसवत होतीस, मुखवटे अजून डब्यात होते. माझ्याकडे पाहून तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "यंदा ज्येष्ठेचा मुखवटा डब्यातच राहू दे वं. ताईलेच उभी करू. साडी नेसवाचं माह्याकडे लागलं." बायका हसल्या. आई हसली. मीही हसले, आणि स्वयंपाकघरात जाऊन दोन पुरणपोळ्या उभ्यानं खाल्ल्या. नैवेद्य व्हायचा होता.

तरी त्याच दिवाळीला तू माझ्यासाठी कोपरापर्यंत बाह्यांची चार ब्लाउजं शिवून पाठवलीस. दंडावरचे डाग झाकावे म्हणून. मी मागितली नव्हती. दरवर्षी तू माझं माप घ्यायचीस आणि जगभराचे आकडे मोठ्यानं वाचणारी तू, माझं माप मात्र ओठ मिटून लिहायचीस. हे मी कधी बोलले नाही. ती चारही ब्लाउजं मी अजून वापरते, आज अंगात आहे ते त्यातलंच.

पण खरी आग चेहऱ्याची नव्हती. खरी आग उपासांची होती.

बाबा गेल्यावर आई तुझ्याकडे राहायला आली. पातूर जवळ पडतं म्हणाली. अमरावतीहूनही बस मिळते, मी म्हटलं, पण ते कोणी ऐकलं नाही. आईचे सगळे उपास तू उचललेस. सोमवार, गुरुवार, दोन एकादश्या, चतुर्थी. दिवसभर चहा-पाणी, आणि दिवे लागल्यावर एकदाच जेवण. मला ते जमेना. मी एक सोमवार धरून पाहिला होता, अकरा वाजता हात थरथरायला लागले आणि मी भाकरी मोडली. आई तेव्हा नेमकी माझ्याकडे आलेली.

"पाय त्या बेबीले," ती म्हणाली. "दोन लेकरं, शिवणकाम, वरून दमा. तरी एक सोमवार सुटला नाई तिचा. अन् तू? अकरा वाजत नाई तं डबे उघडून पायते."

"आई, ती गोळीची भूक आहे. डॉक्टरांना विचार."

"तिलेई तेच गोळी हाय न?"

घरी गॅसचं सिलिंडर लावलं की त्यावर खडूनं तारीख टाकणारी मी, दुधाला किती दिवसांत किती साय येते ते सांगणारी मी. पण एकच गोळी, एकच आजार, एकाच आईच्या पोटच्या दोघी, आणि एक उपाशी राहू शकते, दुसरी नाही, ह्याचं उत्तर मी एकच काढलं. तुझ्यात काहीतरी आहे जे माझ्यात नाही. आई ते रोज बघते.

आणि मग तो फोन. आठवतो? गेल्या उन्हाळ्यातला. मी सांगत होते, की दुकानदारानं माझी पाकिटं कमी दिली, महिन्याला साडेचार लागतात आणि त्यानं चारच पाठवली. तू शिलाई मशीन चालवता चालवता म्हणालीस, "माह्या तं दोन पाकिटात महिना निघते बाप्पा."

मशीनचा आवाज चालूच होता. पाकिटात दहा गोळ्या. रोज एक म्हणजे तीस, म्हणजे तीन पाकिटं. दोन पाकिटं म्हणजे वीस. भागाकार मी तिथल्या तिथे केला. तुझ्या डॉक्टरांनी तुझी गोळी कमी केली आणि तू मला ते सांगितलं नाहीस, माझी दीडवर अडकली आहे म्हणून दया करून लपवलंस, असा अर्थ लावला. मला पंचेचाळीस आणि तुला वीस.

"दूध उतू चाललंय," असं खोटं सांगून मी फोन ठेवला. ओट्यावर दूध नव्हतंच. त्यानंतर आठ दिवस मी तुला फोन केला नाही.

एकच प्रश्न विचारायचा होता, 'दोनच कशी काय गं?' एवढाच. तू मला सरळ सांगितलं असतंस, कारण तुझ्या मते त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. मी विचारलं नाही, कारण तुझ्या तोंडून 'कमी झाली' हे ऐकायची माझी तयारी नव्हती.

नवरात्रात तू पूर्ण नऊ दिवस धरलेस. पाचव्या दिवशी ताप आला, असं तुझ्या दिगंबररावांनी नंतर सांगितलं. सहाव्या दिवशी उलट्या. सातव्या दिवशी उठताना तोल जात होता, तरी तू म्हणालीस, "उपासानं झालं असंन, दोन दिवस राहिले." अष्टमीच्या सकाळी तू देवासमोरच कोसळलीस. दुपारी मी पोचले तेव्हा तू दवाखान्यात होतीस, नाकातोंडाला मास्क, रक्तदाब खाली, सुया चालू. डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, "बाईंनी गोळ्या मध्येच बंद केल्या होत्या का?"

दिगंबरराव म्हणाले, "नाही सर. रोज घेते. कॅलेंडरवर खूण करते ती."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "माझी बहीण आहे. चुकणार नाही."

ते वाक्य मी कौतुकानं बोलले, पण ते कौतुक तुझं नव्हतं, माझं होतं. माझ्या लाल कागदाचं. त्यांनी जे द्यायचं ते तुला दिलंच, असं ते नंतर म्हणाले. आमच्या उत्तरानं काही बदललं असतं की नाही, हे मी त्यांना विचारलेलं नाही. दसऱ्याच्या सकाळी, पातूरचा झेंडू गाड्या भरभरून अकोल्याच्या बाजारात उतरत होता तेव्हा, तू गेलीस.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी तुझं स्वयंपाकघर आवरायला घेतलं. श्रीखंडाच्या जुन्या डब्यात तुझी औषधं. झाकणाच्या आतून माझा तो कागद चिकटवलेला, कडा पिवळ्या, लाल अक्षर तसंच ठळक. आणि दारामागे कॅलेंडर. मी पानं काढून ओट्यावर पसरली. गोळी घेतली त्या तारखेला निळी खूण. उपासाच्या तारखेला लाल गोल. माझ्या लक्षात आलं ते हे, की एकाही चौकोनात दोन्ही नव्हतं.

पुन्हा मोजलं. एका महिन्यात वीस निळ्या, दहा लाल. पुढच्यात वीस आणि अकरा. नवरात्राच्या पानावर सलग सात लाल, मग कोरं.

उपासाच्या दिवशी सकाळी खायचं नाही. खाल्लं नाही, तर गोळी घ्यायची नाही, 'कधीच नाही', दोन रेघा. संध्याकाळी जेवायचं, पण दुपारनंतर घ्यायची नाही, झोप उडते. माझ्या पहिल्या ओळीनं सकाळ बंद केली, दुसरीनं संध्याकाळ. तू एकही चूक केलेली नाहीस. मी लिहिलं ते अक्षर न अक्षर पाळलंस.

माझ्या डॉक्टरांनी मला एक गोष्ट दहा वेळा बजावली होती. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली, की शरीर आपलं आपण गोळीतलं ते द्रव्य तयार करणं सोडून देतं. म्हणून एक दिवसही चुकवायची नाही, आणि ताप आला तर ते जास्तच लागतं, वाट न पाहता लगेच सांगायचं. हे मी तुझ्या कागदावर लिहिलं नाही. कॅल्शियमचं लिहिलं, हे नाही. कोणी गोळी चुकवेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला तर ती भूक एक सकाळ उपाशी राहू देत नव्हती.

आणि म्हणून तुझी हनुवटी, म्हणून तुझी भूक ताब्यात, म्हणून दोन पाकिटं. पाच वर्षं मी ज्या ज्या गोष्टीचा हेवा केला, ती प्रत्येक गोष्ट त्या ओट्यावर पडलेली होती.

दिगंबरराव दारात उभे होते. मी त्यांना दाखवलं. "मी तं रोज पाहे हे कॅलेंडर," ते म्हणाले. "मले वाटे लाल म्हणजे उपास, निळी म्हणजे गोळी. दोन्ही वेगळं वेगळं, एवढंच." मग हळूच म्हणाले, "ताई, आईले नका सांगू. मरून जाईन ते."

मी कबूल केलं. ती पानं आणि डब्याचं झाकण बॅगेच्या तळाशी घालून, आईला घेऊन अमरावतीला आले. हो, आई शेवटी माझ्याकडे आली. तिची पिशवी मी बसमध्ये मांडीवर धरली होती, आणि बडनेरा येईपर्यंत माझ्या मनात काय चाललं होतं ते तुला सांगते. तुझं दुःख होतंच, पण त्याच्या शेजारी अगदी लहानसं, 'आली एकदाची.'

पहिलाच सोमवार आला. मी नाश्ता करून गोळी घेत होते आणि आई देवासमोर बसून बोलायला लागली. "बेबीनं एक सोमवार सोडला नाई. देवानं तरी पाहाले पायजे होतं."

मी शब्द दिला होता. पण त्या क्षणी मला तो मोडायचा होता, आणि मोडण्याचं कारण चांगलं नव्हतं. तू मेल्यावरही ती तुझे सोमवारच मोजत होती. मी म्हणाले, "आई, त्याच सोमवारांनी गेली ती."

आई वळली. "काय बोलून राहिली?"

मी कॅलेंडरची पानं आणली. लाल गोल दाखवले. उपास, उपास, उपास. ह्या दिवशी गोळी नाही, ह्या दिवशी नाही, हे सात दिवस सलग नाही. मी आकडे सांगत गेले आणि आईचा चेहरा बारीक होत गेला, आणि मला ते दिसत होतं आणि मी थांबत नव्हते. मग ती म्हणाली, "पण तिनं उपासाले गोळी काहून नाई घेतली? कोणं सांगितलं तिले?"

इथे मी थांबू शकले असते. 'कोणास ठाऊक' म्हणू शकले असते. सगळा भार उपासांवर, म्हणजे आईवर, टाकून मोकळी होऊ शकले असते. तसं केलं असतं तर तुला हे लिहायला बसले नसते. मी श्रीखंडाच्या डब्याचं झाकण आणलं आणि तिच्या हातात दिलं. आईला वाचता येत नाही, पण माझं लाल पेन तिला ओळखू येतं. सगळ्या घरात लाल पेननं फक्त मीच लिहिते.

मी ओळी वाचून दाखवल्या. तीन. चौथी नव्हती, तेही सांगितलं.

आईनं त्या दोन रेघांवरून अंगठा फिरवला. मला वाटलं आता बोलेल, आता जे बोलायचं ते बोलेल. ती म्हणाली, "म्हणजे माह्यंई ऐकलं तिनं, अन् तुह्यंई ऐकलं." मग थोड्या वेळानं, "दोघीचं ऐकाले गेली पोट्टी."

संध्याकाळी मी दिगंबररावांना फोन करून सांगितलं, की मी शब्द मोडला. ते म्हणाले, "जेवल्या का त्या?" मी म्हटलं, जेवल्या.

तुझी माफी मागायची म्हटलं तर कुठून सुरू करू, कळत नाही. कागदाची मागू, की त्या फोनची? कागद चुकला तो न सुचल्यामुळे. फोनवर मला सुचलं होतं. आकडा हातात होता, उत्तर चुकीचं लावलं, कारण ते मला दुखवणारं होतं आणि मला दुखवून घ्यायची सवय झाली होती. कागदाचं आईला सांगितलं. फोनचं फक्त तुलाच सांगते आहे.

आज सोमवार, आई आल्यापासूनचा दुसरा. सकाळी मी ओट्यापाशी गेले तर ती माझ्या आधी उभी. पोहे झालेले. ती स्वतः उपाशी आहे. साठ वर्षांचा तिचा सोमवार तिनं सोडला नाही, आणि सोड म्हणायचा मला अधिकार नाही. तिला गोळी नाही. तिनं ताटली माझ्यापुढे सरकवली.

"खाय."

"खाते आई. तू बस."

"मले दिसलं पायजे."

मी खाल्लं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. ताटली रिकामी झाल्यावर म्हणाली, "गोळी?" मी पाकीट आणलं, एक काढली, दुसरी मोडली, दीड तोंडात टाकून पाणी प्यायले.

"ते अर्धी काहून ठेवली?"

"उद्याची आहे."

"उद्या भुलू नको."

"नाही भुलत."

बेबी, चोपन्न वर्षं मला एवढंच हवं होतं, की आईनं माझ्यासमोर उभं राहावं आणि दुसरीकडे कुठे पाहू नये. ते मिळालं. तुझी जागा रिकामी झाली म्हणून मिळालं, हे न कळण्याइतकी मी वेडी नाही. आणि तरी त्यातही फरक आहेच. तुझ्याकडे ती कौतुकानं पाहायची, माझ्याकडे ती भीतीनं पाहते. मी मोजत बसले, तर त्या कौतुकाचाही हेवा वाटतो मला.

पोहे चांगले झाले होते. गोळी घेऊन झाली तरी भूक होतीच. मी लाजत ताटली पुढे केली. तिनं परत वाढले आणि मी संपवीपर्यंत तिथेच उभी राहिली.